मदत हवी आहे: लुआ फिल्टरने लावलेल्या सूचीत ळ आणि ज्ञ जागेवर येत नाहीत

धागाकर्ती: जात्याची खुंटी

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय अडचण कळणार नाही.

माझ्या सासूबाई आणि त्यांच्या वाडीतल्या आणखी सात जणी यांच्याकडून गेल्या तीन वर्षांत ६१२ ओव्या उतरवून घेतल्या. बहुतेक जात्यावरच्या, थोड्या पाळण्याच्या, थोड्या पंढरीच्या वाटेवरच्या. त्यांचं पुस्तक करते आहे. छापील प्रती वाडीत द्यायच्या आणि ईपब, म्हणजे ई-पुस्तक, बाहेरगावी गेलेल्या लेकीसुनांना मोबाइलवर वाचायला पाठवायचं. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. प्रोग्रॅमिंग म्हणजे एक्सेलचे मॅक्रो, इतपतच येत होतं.

सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फायलींत आहे आणि पॅनडॉक या फायलींचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने त्यातून वर्डची फाइल आणि ईपब निघतं. ओवीच्या प्रत्येक ओळीआधी उभी रेघ दिली की पॅनडॉक तिला ‘लाइनब्लॉक’ समजतो. पॅनडॉकमध्ये लुआ ही प्रोग्रॅमिंगची भाषा आधीपासूनच बसवलेली असते, वेगळं काही घ्यावं लागत नाही, हे कळल्यावर दोन आठवडे बसून शिकले. आता माझा फिल्टर, म्हणजे लुआत लिहिलेला छोटा प्रोग्रॅम, प्रत्येक लाइनब्लॉकची पहिली ओळ उचलतो, ओवीला क्रमांक देतो आणि पुस्तकाच्या शेवटी पहिल्या ओळींची सूची लावतो. सूचीतल्या ओळीवर बोट ठेवलं की ईपबमध्ये ती ओवी उघडते. हे पहिल्यांदा चाललं त्या रात्री मी घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवलं.

अडचणी तीन आहेत. (मोबाइलवरून लिहिते आहे, म्हणून फंक्शनांची नावंही देवनागरीतच.)

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची. सूची लुआच्या क्रम लावणाऱ्या ‘टेबल.सॉर्ट’ने लावली तर क्रम आपला येत नाही. कळस आणि कळी हे कवाड, कशी, कसं यांच्या आधी येतात. ‘ज्ञानोबा’ने सुरू होणाऱ्या ३१ ओव्या आहेत, त्या ‘जोडवी’च्या नंतर आणि ‘ज्वारी’च्या आधी जाऊन बसतात. सासूबाई प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरं शिकल्या. त्यांना कच्ची प्रत दिली तेव्हा त्यांनी थेट शेवटचं पान उघडलं आणि ओळींवरून बोट फिरवत राहिल्या. म्हणाल्या, ‘‘ज्ञानोबा नाही घेतला व्हय?’’ वर्णमालेत ज्ञ शेवटी, म्हणून त्या शेवटी शोधत होत्या. त्यांचं बरोबर होतं, माझी सूची चुकली होती.

दुसरी. क्रम सुधारायला मी तुलना करणारं फंक्शन लिहून दिलं. कधी चालतं, कधी ‘इन्व्हॅलिड ऑर्डर फंक्शन फॉर सॉर्टिंग’ म्हणून बंद पडतं. फंक्शनात मी ‘पहिला दुसऱ्यापेक्षा लहान किंवा समान’ एवढंच लिहिलंय.

तिसरी. काही ओव्यांच्या मधेच आम्ही वहीचे पान क्रमांक देवनागरी अंकांत टाकले होते. ते काढायला लुआच्या शोधून बदलणाऱ्या ‘जीसब’मध्ये चौकटी कंसात शून्य ते नऊ अशी देवनागरी अंकांची रांग दिली आणि बदली रिकामी स्ट्रिंग. अंक गेलेच, पण सगळी अक्षरंही फुटली. पानभर काळ्या चौकटींत प्रश्नचिन्हं. हेच इंग्रजी अंकांवर केलं तर नीट चालतं. असं का?

सोमवारी फाइल छापखान्यात द्यायची आहे. कुणी वाट दाखवली तर फार उपकार होतील.

प्रतिसाद: भोवरा

ताई, आधी तिसऱ्याचं सांगतो, कारण तिथे जे कळेल त्यावरच पहिल्याचं उत्तर उभं आहे.

लुआची स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची नव्हे, बाइटांची रांग. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर बाइटांत साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं. ‘स’ म्हणजे २२४, १६४, १८४. ‘०’ म्हणजे २२४, १६५, १६६ आणि ‘९’ म्हणजे २२४, १६५, १७५. आता तुमचा चौकटी कंस लुआच्या नजरेने वाचा: २२४, मग १६५, मग ‘१६६ ते २२४’ अशी रांग, मग १६५, मग १७५. शून्याचा शेवटचा बाइट आणि नवाचा पहिला बाइट यांच्यामध्ये तुमची आडवी रेघ आली, म्हणून रांग त्या दोघांत लागली. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४. म्हणजे तुम्ही अंक काढायला सांगितलंत आणि लुआने प्रत्येक अक्षराचं डोकं उडवलं. ‘स’चे १६४ आणि १८४ उरायला हवे होते, पण १८४ही त्या रांगेत येतो, तोही गेला. उरलेल्या एकट्या १६४ ला काही अर्थ नाही, तेच ते प्रश्नचिन्ह. इंग्रजी अंक एकेका बाइटाचे, म्हणून तिथे काही बिघडत नाही.

उपाय सोपा आहे. लुआ ५.३ पासून, म्हणजे २०१५ पासून, भाषेतच ‘यूटीएफ८’ नावाचं छोटं ग्रंथालय आहे. त्यात ‘चारपॅटर्न’ म्हणून तयार नमुना मिळतो, तो एका वेळी एक अख्खं चिन्ह पकडतो. ‘जीसब’ला हा नमुना द्या आणि बदलीच्या जागी एक तक्ता द्या: ० ते ९ प्रत्येकासमोर रिकामी स्ट्रिंग. तक्त्यात जे चिन्ह नसेल ते लुआ आहे तसं ठेवते, त्यामुळे बाकी मजकुराला धक्का लागत नाही. याच पद्धतीने देवनागरी अंकांसमोर इंग्रजी अंक लिहिलेत की मजकुराची संख्या करणारं ‘टूनंबर’ही चालेल. नाहीतर ‘१२’ दिल्यावर ‘टूनंबर’ निल, म्हणजे ‘काही नाही’, देतं.

एक लक्षात ठेवा. चौकटी कंस, टिंब, अधिक आणि तारा ही चिन्हं देवनागरीवर वापरायची नाहीत, कारण ती एकेका बाइटावर काम करतात. पण एखादा पूर्ण शब्द शोधून बदलायचा असेल, जसं ‘सासुर’च्या जागी ‘सासर’, तर साधं ‘जीसब’ बिनधोक आहे.

प्रतिसाद: पाटीपेन्सिल

एवढा खटाटोप कशाला? सूची एक्सेलमध्ये चिकटवा, हाताने क्रम लावा, परत आणा. ६१२ ओळी म्हणजे एका रविवारचं काम.

धागाकर्ती: जात्याची खुंटी

भोवरा, अंकांचं झालं! रात्री अकराला पहिली स्वच्छ प्रत निघाली. मनापासून आभार. तो २२४ चा हिशेब कागदावर मांडून बघितला, तेव्हा पटलं.

पाटीपेन्सिल, पहिल्या वर्षी मी तसंच केलं होतं. पण वाडीत गेलं की कुणीतरी म्हणतं, ‘ही ओळ अशी नाही, आमच्याकडे अशी म्हणतात.’ ओळ बदलली की सूची बदलते, क्रमांक सरकतात. तीनदा हाताने लावली आणि तिन्ही वेळा कुठली तरी ओवी गळाली. एका बाईची एकुलती एक ओवी गळाली होती आणि तिच्या लक्षात आलं. पुन्हा तसं होऊ द्यायचं नाही.

प्रतिसाद: पाऊलवाट

दुसरा प्रश्न एका ओळीचा आहे. ‘लहान किंवा समान’ मधलं ‘समान’ काढा. ‘टेबल.सॉर्ट’ला कडक ‘लहान’ लागतं. दोन ओळी सारख्या असल्या की तुमचं फंक्शन दोन्ही बाजूंनी ‘हो’ म्हणतं, आणि मग ती चूक येते. ओव्यांत एकच पहिली ओळ चार-चार ठिकाणी असणारच, म्हणून कधी चालतं, कधी अडतं. आणखी एक: ‘टेबल.सॉर्ट’ समान ओळींचा मूळ क्रम राखत नाही. म्हणून ओळी समान निघाल्या तर ओवीचा क्रमांक बघायला सांगा, म्हणजे दर वेळी सूची तीच येईल.

आता मुख्य प्रश्न. इथे लुआ बाइटांची तुलना करते आणि यूटीएफ-८ची रचना अशी आहे की बाइटांचा क्रम आणि युनिकोडने प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांचा क्रम एकच येतो. युनिकोडने आपल्याला बराचसा क्रम बरोबर दिलाय: आधी स्वर, मग व्यंजनं, मग काना-मात्रा, मग हलन्त. म्हणून कमळ आधी, काका नंतर आणि क्रम त्याच्याही नंतर हे आपोआप होतं. बिघाड तीनच ठिकाणी आहे. ळ हा ल आणि व यांच्या मधे बसवलाय, क्रमांक २३५५. ह आहे २३६१ वर. आणि क्ष, ज्ञ यांना स्वतःचा क्रमांकच नाही, ते क आणि ज यांची जोडाक्षरं म्हणून राहतात.

लोकेल, म्हणजे संगणकाची भाषेनुसारची मांडणी, बदलून पाहायचा सल्ला कुणी देईल. ‘ओएस.सेटलोकेल’ आहे, पण त्या संगणकावर मराठी लोकेल बसवलेलं नसेल तर ते नुसतं निल देतं. उद्या दुसऱ्या यंत्रावर फाइल चालवली की सूची वेगळी. त्या वाटेला जाऊ नका.

त्याऐवजी प्रत्येक ओळीसाठी एक छुपी किल्ली तयार करा. ओळ छापायची मूळचीच, तुलना करायची किल्लीची. किल्लीत ळ च्या जागी ‘यूटीएफ८.चार’ वापरून २३६२ क्रमांकाचं चिन्ह टाका, क्ष च्या जागी २३६३ आणि ज्ञ च्या जागी २३६४. ह नंतर आणि काना (२३६६) च्या आधी ही घरं आहेत. पहिल्या दोन घरांतली चिन्हं मराठीत वापरत नाहीत, तिसऱ्यात नुक्ता (अक्षराखालचं टिंब) आहे, म्हणून नुक्ते आधीच काढून टाका. किल्ली कुणाला दिसणार नाही, त्यामुळे ती चिन्हं विचित्र असली तरी बिघडत नाही.

किल्ली प्रत्येक ओवीला एकदाच करून तक्त्यात ठेवा. तुलनेच्या फंक्शनात केलीत तर तेच काम हजारो वेळा होईल.

धागाकर्ती: जात्याची खुंटी

पाऊलवाट, हात जोडते. कवाड, कशी, कसं, कळस, कळी. आणि ज्ञानोबाच्या ओव्या शेवटच्या पानावर! सासूबाईंना दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत, चष्मा लावून ती ३१ ओळींची अख्खी यादी वाचत बसल्या.

दोन गोष्टी नव्याने निघाल्या.

एक, ‘लक्ष्मी’ने सुरू होणाऱ्या ओव्या आता ‘लहान’ आणि ‘लळा’च्याही मागे गेल्या, कारण पोटातला क्ष पण शेवटचा झाला. हे बरोबर म्हणायचं का?

दोन, एकच ओवी दोनदा आली. दोन बायकांनी तंतोतंत तीच म्हटली होती आणि अशा ओव्या एकत्र करून खाली दोघींची नावं द्यायची असं माझं फिल्टर करतं. ही एकच जोडी निसटली. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. दोन्हींत ‘वाऱ्यावर’ हा शब्द आहे. एक मी मोबाइलवर टाइप केली होती, दुसरी पुतण्याने जुन्या संगणकावर.

प्रतिसाद: भोवरा

तो शब्द ऐकूनच कळलं. अर्धा र, ज्याला आपण चंद्रकोरीसारखा र म्हणतो, तो लिहायच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत. मोबाइलच्या कळफलकावर बहुधा ‘ऱ’ आणि हलन्त येतो: वाऱ्यावर. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारा जोडक, क्रमांक ८२०५: वार्‍यावर. तिसरी वाटही आहे, साधा र, नुक्ता आणि हलन्त. पडद्यावर तिन्ही सारखेच, लुआला तीन वेगळे शब्द. दोन्ही ओळींची लांबी मोजा, सारखी दिसणारी एक ओळ तीन बाइटांनी मोठी निघेल.

किल्ली करताना आधी नुक्ता काढा, मग ‘ऱ’चा ‘र’ करा, मग ८२०५ आणि ८२०४ हे दोन्ही अदृश्य जोडक काढा, आणि सगळ्यात शेवटी ळ, क्ष, ज्ञ. हा क्रम पाळायलाच हवा. ज्ञ आधी बदललात आणि नुक्ता नंतर काढलात, तर २३६४ म्हणजे नुक्ताच असल्यामुळे सगळे ज्ञानोबा गायब होतील.

प्रतिसाद: शाईदौत

थांबा, भोवरा. सूचीच्या क्रमासाठी हे ठीक आहे, पण ओव्या एकत्र करायला हीच किल्ली वापरू नका. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत तर गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक. तुमच्या किल्लीत दोन्ही एक होतात. ६१२ ओव्यांत अशी एखादी जोडी असली आणि फिल्टरने तिला एक मानून दुसरी टाकून दिली, तर ताईंना कळणारही नाही.

ताई, दोन फंक्शनं वेगळी ठेवा. पहिलं शुद्धीचं: र, हलन्त, ८२०५ ही तिकडी दिसली की तिथे ‘ऱ’ आणि हलन्त, र आणि नुक्ता दिसला की तिथे ‘ऱ’. ही दुरुस्ती मूळ मजकुरावरच करा, म्हणजे छापील प्रतीत आणि ईपबमध्ये शोधतानाही शब्द एकच राहील. सारख्या ओव्या ओळखायच्या त्या या शुद्ध मजकुरावरून. दुसरं फंक्शन किल्लीचं, ते फक्त क्रमासाठी.

‘लक्ष्मी’बद्दल: हिंदी कोश क्ष ला क च्या पोटातच ठेवतात, तिथे हा प्रश्न येत नाही. मराठी वर्णमालेत आपण त्याला वेगळं अक्षर मानून शेवटी शिकवतो. एकदा वेगळं मानलं की शब्दाच्या आतही वेगळंच मानावं, नाहीतर नियम दोन होतात. पण हे पुस्तक कोश नाही. ज्यांच्यासाठी करताय त्यांना कुठे सापडेल ते बघा.

प्रतिसाद: पाटीपेन्सिल

मी एक्सेल म्हणालो होतो, ते मागे घेतो. वाचून शिकायला मिळालं. एवढं सगळं करावं लागतं तर ही भाषा लोक वापरतात तरी का? मराठीचं भान नसलेली भाषा पॅनडॉकने का घेतली असेल?

प्रतिसाद: भोवरा

शाईदौत, तुमचं बरोबर, माझ्या लक्षात आलं नव्हतं. ताई, त्यांचंच ऐका.

पाटीपेन्सिल, लुआ लहान आहे म्हणूनच घेतली. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात रोबेर्तो येरुझालिम्स्की, लुईझ हेन्रिके दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस यांनी ती केली. पेट्रोब्रास या ब्राझीलच्या तेल कंपनीसाठी तिथे जी कामं चालली होती, त्यांतून तिची गरज निघाली. लुआ म्हणजे पोर्तुगीजमध्ये चंद्र. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसायचं, हाच तिचा मूळ हेतू, म्हणून अख्खा इंटरप्रिटर काही शे किलोबाइटांत मावतो. जगातल्या सगळ्या लिप्यांचे वर्णक्रम त्यात घातले असते तर ते तक्तेच भाषेपेक्षा मोठे झाले असते. रेडिस, वायरशार्क, निओव्हिम या प्रोग्रॅमांच्या आतही तीच आहे. मराठी विकिपीडियावरचे साचे ज्या ‘विभाग’ पानांवर चालतात, तीही लुआच, फक्त तिथे मीडियाविकीने युनिकोड समजणारं वेगळं ग्रंथालय सोबत दिलंय. भाषा लहान असल्यामुळे पतसंस्थेत हिशेब बघणाऱ्या ताई दोन आठवड्यांत स्वतःच्या पुस्तकाचा फिल्टर लिहू शकल्या. मला त्याचं मोल जास्त वाटतं.

ताई, पुस्तकाच्या मागे एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता देणार असाल आणि सगळे इंग्रजी अंक देवनागरी करत असाल, तर पत्त्यातले अंकही बदललेले दिसतील. दुवा जातो बरोबर जागी, पण छापलेला पत्ता चुकतो. फिल्टरची फिरण्याची दिशा ‘टॉपडाउन’ करा आणि दुव्याच्या फंक्शनातून दुसरी किंमत ‘फॉल्स’ परत द्या. मग पॅनडॉक दुव्याच्या आत शिरतच नाही. पॅनडॉक २.१७ किंवा त्यानंतरचा हवा.

धागाकर्ती: जात्याची खुंटी

पत्ता आहे, आणि त्यात अंकही आहेत. वाचलं!

शाईदौत, तुम्ही सांगितल्यावर मुद्दाम शोधलं. ‘दर्या’ची एक ओवी आहे, कोकणातून लग्न होऊन आलेल्या बाईची. ‘दऱ्या’ अर्थातच खूप. पूर्ण ओळ सारखी कुठे नव्हती, पण फंक्शनं वेगळीच ठेवली. शुद्धीच्या फंक्शनाने एकूण ४७ ठिकाणी र बदलला, सगळ्या जागा कागदावर काढून एकेक तपासल्या. निसटलेली ओवी आता एकदाच आहे आणि खाली दोघींची नावं आहेत.

‘लक्ष्मी’चं सासूबाईंना न सांगता करून बघितलं. दोन्ही क्रमांनी ‘ल’चं पान छापलं. दोन्ही वेळा त्यांनी ‘ल’ गाठला आणि वरून खाली बोट नेत ओळ शोधली, मधे कुठे चुकल्या नाहीत. शेजारच्या काकू, ज्या सातवीपर्यंत शिकल्या, त्या मात्र ‘लगीन’ आणि ‘लहान’ यांच्या आधी ‘लक्ष्मी’ शोधत होत्या. म्हणून क्ष आणि ज्ञ फक्त ओळीच्या सुरुवातीला असतील तेव्हाच शेवटी नेते आहे, आतले जोडाक्षर म्हणूनच राहतील. ळ मात्र सगळीकडे ह नंतर. नियम दोन झाले, शाईदौत, पण आमच्या वाडीला असंच सापडतं.

आणखी एक सापडलं ते इथे लिहून ठेवते, कुणाला उपयोग होईल. पुस्तकाच्या मागे कठीण शब्दांची यादी आहे, तीही याच फंक्शनने लावली. त्यात ‘ॲल्युमिनची परात’ थेट ज्ञ च्या मागे गेली. ॲ चा क्रमांक २४१८ निघाला, देवनागरी अंकांच्याही पुढे. किल्लीत त्याच्या जागी ‘ऍ’ टाकला, तो ए च्या आधी आहे. परात आता ‘ऊस’नंतर येते. शिवाय गाताना ‘गऽऽ’ असं लांबवलेलं आम्ही अवग्रहाने लिहिलंय, ते अवग्रहही किल्लीतून काढले.

एक शंका अजून उरली आहे. ईपब आणि वर्डची फाइल दोन्हींत सूची बरोबर आहे. पण छापखान्यातले दादा म्हणतात, त्यांच्या जुन्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर घेताना तो दुसऱ्या फाँटच्या सांकेतिक लिपीत बदलावा लागतो, आणि तिथे ‘ऱ्य’ तुटतो. मी पीडीएफच करून दिली तर त्यांना काही बदलावं लागणार नाही ना? कुणी पॅनडॉकमधून मराठी पीडीएफ छापायला दिली असेल तर कुठल्या मार्गाने केली, तेवढं सांगा. शनिवारी रात्रीपर्यंत माझ्या हातात वेळ आहे.